अर्ध्या आट्याची हवा

शहराचं सांडपाणी शेवटी जिथे येऊन पडतं, त्या केंद्रावर सगळे त्याला हवालदार म्हणत. पोलिसखात्याशी त्याचा संबंध एवढाच, की सायकलला दिवा नाही म्हणून त्याला एकदा चौकात अडवलं होतं. टाक्यांमध्ये हवा सोडणारे व्हॉल्व्ह त्याच्या ताब्यात, म्हणून हवालदार. हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नव्हतं. हजेरीच्या वेळी कोणी खरं नाव पुकारलं, तर तो स्वतःच मागे वळून बघे, नवीन कोण आलंय म्हणून.

काम तसं साधं होतं. मोऱ्यांतून आणि संडासांतून वाहत आलेलं पाणी आधी जाळ्यांतून गाळलं जाई, मग एका हौदात जड गाळ खाली बसे, आणि उरलेलं गढूळ पाणी हवेच्या टाकीत येई. ही टाकी म्हणजे शाळेच्या मैदानाएवढा उघडा, खोल हौद. तळाशी नळांचं जाळं. ब्लोअरच्या खोलीतून हवा त्या नळांत शिरे आणि टाकी दिवसभर उकळत्या पातेल्यासारखी खदखदत राही. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू. ते घाण खात, आणि खाताना त्यांना श्वासाला हवा लागे. ती पुरवायची, एवढंच हवालदाराचं काम.

पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी बोलावं, तसं तो त्या जंतूंविषयी बोले. "आज यांच्या तोंडाला चव नाही," असं म्हणे. "काल कोणीतरी साबण भरमसाट सोडला. पोटं बिघडलीत बिचाऱ्यांची." प्रयोगशाळेतली बाई रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन जाई. ती विचारी, "काय हवालदार, मंडळी काय म्हणतायत?" तो टाकीवर वाकून वास घेई. वास पावसाने भिजलेल्या मातीसारखा आला की म्हणे, "बरी आहेत."

त्याचा नियम एकच होता, हवा कमी पडू द्यायची नाही. साहेबांनी सांगितलेल्या मापापेक्षा तो व्हॉल्व्ह नेहमी थोडा जास्तच उघडा ठेवी. साहेब वैतागत. "हवालदार, ही वीज काय तुमच्या घरच्या विहिरीतून येते का?" तो मान खाली घालून व्हॉल्व्ह आवळी, आणि साहेब जिन्यापर्यंत गेले की पुन्हा सैल करी.

यामागे एक कारण होतं. केंद्रावरच्या जुन्या लोकांना ते माहीत होतं, म्हणून ते त्याला कधी टोकत नसत.

त्याचा थोरला भाऊ याच केंद्रावर होता. दादा गाळाच्या विहिरीवर आणि हा त्याच्या हाताखाली. एक दिवस विहिरीतला पंप अडकला. माणूस आत उतरण्याआधी खाली हवा फुंकायचा एक पंखा असे, तो त्या दिवशी दुसऱ्या कामावर नेलेला होता. मुकादम म्हणाला, पंखा आणायला माणूस गेलाय, पण पाणी चढतंय, तेवढ्यात हात घालून या. दादा उतरला. हा वर दोर धरून उभा होता. थोड्या वेळाने खालून आवाज आला. घाबरलेला नव्हता तो आवाज, जेवताना पाणी मागावं तसा होता.

"हवा सोड रे जरा."

सोडायला हवा नव्हती. याने दोर ओढला तेव्हा तो जड झाला होता. चौघांनी मिळून दादाला वर काढलं. बाकी काही करायचं उरलं नव्हतं.

त्या संध्याकाळी वहिनीने त्याला एकच विचारलं, "त्यांना त्रास झाला का हो भावजी?" तो म्हणाला, "नाही. क्षणात झालं. त्याला काही कळलंसुद्धा नाही." वहिनीने ते धरून ठेवलं. पुढे कोणी विषय काढला की ती हेच सांगे, क्षणात झालं, काही कळलं नाही. एवढ्याच आधारावर ती उभी राहिली होती, आणि हवालदाराने तो आधार कधी हलू दिला नाही.

तो पुन्हा विहिरीजवळ फिरकला नाही. वरच्यांनी समजून घेतलं आणि त्याला हवेच्या टाकीवर दिलं.

त्याचं लग्न व्हायचं राहूनच गेलं. घर म्हणजे एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर इस्त्र्या चालत, त्यामुळे जमीन कायम कोमट असे आणि जिन्यात ओल्या कपड्यांची वाफ कोंडलेली असे. वहिनी त्याच घरात राही आणि खालीच इस्त्रीच्या कामाला होती. दादा गेला तेव्हा दप्तर पाठीला लावून शाळेत जाणारी त्याची मुलगी आता मोठी झाली होती. घरात तिला बारकी म्हणत. अंगापिंडाने ती आईपेक्षा उंच झाली तरी नाव काही उंचावलं नाही. मोजणीच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन ती कंत्राटावर याच केंद्रावर लागली, आणि तिथे तिला मीटरवाली असं दुसरं नाव मिळालं. वहिनीला ते आवडलं नव्हतं. "तुझ्या बापाला खाऊन त्या जागेचं पोट भरलं नाही वाटतं," असं ती म्हणाली होती. बारकी म्हणाली, "आई, मी मीटर बघणार. विहिरीत नाही उतरणार."

एक दिवस बारकी टाकीवर पत्र्याचा एक घुमट घेऊन आली. मोठं पातेलं पाण्यावर पालथं तरंगावं तसा. घुमटाच्या डोक्यातून एक बारीक नळी निघून काठावरच्या पेटीत जात होती.

"हे काय गं बारके? टाकीला टोपी घालतेस?" हवालदाराने विचारलं.

"पाण्यातून वर काय सुटतं ते मोजायचंय, काका. नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही. वासही येत नाही त्याला."

प्रयोगशाळेतली बाई तिथेच उभी होती. बारकीने दोघांना समजावून सांगितलं. जंतूंना हवा मिळते तेव्हा ते पाण्यातल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. मग हवा काही वेळ बंद ठेवायची. तेव्हा दुसरे जंतू त्या नायट्रेटमधलाच ऑक्सिजन ओढून घेतात आणि साधा नायट्रोजन सोडून देतात. आपल्याभोवतीच्या हवेत असतो तोच, कुणाचं काही न बिघडवणारा. पण हे काम अर्धवट राहिलं तर मधल्या मध्ये नायट्रस ऑक्साइड सुटतो.

"तो तर दाताच्या दवाखान्यात हुंगायला देतात," बाई म्हणाली. "हसवणारा वायू. म्हणजे इतकी वर्षं ही टाकी आपल्याला हसत होती, आणि आपण समजत होतो फेस येतोय."

"हसण्यावारी नेऊ नका, बाई. धुरातल्या कार्बन वायूपेक्षा अडीचशेपटीहून जास्त तापवतो तो जगाला. घाण साफ करतो म्हणून आपण मिरवतो, आणि वरून हे सोडत बसतो. साहेबांनी प्रयोग घेतलाय. टाकी आळीपाळीने चालू आणि शांत ठेवायची. वायू कमी झाला की सगळ्या टाक्यांना तेच लावणार."

"आणि तुझं?" बाईने विचारलं.

बारकी घुमटाची नळी बसवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "साहेब म्हणालेत, हे नीट पार पडलं तर कायम करतील."

हवालदाराचं लक्ष एकाच शब्दावर अडकलं होतं. "हवा बंद ठेवल्यावर ती गुदमरत नाहीत का?"

"नाही काका. त्यांना श्वासाची दुसरी वाट असते. माणसांसारखं नसतं त्यांचं."

ती सहज बोलून गेली. तिच्या काकाने काठाच्या गजावरचा हात काढून घेतला, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्यांदा टाकी शांत झाली ती दुपारची वेळ होती. मुख्य व्हॉल्व्ह आता मोटरवर फिरत होता. त्याने घरघर केली आणि हवा तुटली. बुडबुडे एका टोकाकडून थांबत आले. फेस काठाला जाऊन चिकटला. खाली ढवळणीची पाती सावकाश फिरत होती तेवढीच. एरवी खदखदणारं पाणी सपाट, काळपट आणि गप्प झालं. त्या टाकीची अशी पाठ हवालदाराने पूर्वी कधी पाहिली नव्हती. असं सपाट, काळं पाणी त्याने एकदाच पाहिलं होतं, दोर हातात धरून, वरून.

आवाज आला असं त्याला वाटलं नाही. तो काही वेडा नव्हता. पण आवाज यायच्या आधी माणूस जसा कान देऊन उभा राहतो, तसा तो उभा राहिला, आणि ते आवाज येण्यापेक्षाही वाईट होतं.

टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, लोखंडी जाळीच्या झाकणाखाली, जुन्या काळची एक बारीक नळी होती. कोपऱ्यात गाळ साचू नये म्हणून कोणीतरी कधीकाळी बसवली होती. नव्या नकाशांत ती उतरली नव्हती, आणि ती माहीत असलेली बाकीची माणसं निवृत्त होऊन गेली होती. तिचा फाटा मुख्य व्हॉल्व्हच्या आधीच निघत असल्याने तिच्यात कायम हवा असे. हवालदाराने झाकण उचललं, आत हात घातला आणि गंजलेलं चाक अर्धा आटा सैल केलं. नळीला नखाएवढी थरथर आली. कोपऱ्यात, चालायच्या फळीच्या खाली, बुडबुड्यांचा एक धागा वर चढू लागला. काठावरून तो कोणाला दिसण्यासारखा नव्हता.

त्याचा जीव भांड्यात पडला. अर्ध्या आट्याने कोणाचं काय बिघडणार होतं? प्रयोग त्यांचा चालू द्या, एवढी हवा यांना असू द्या. त्याने चाक तसंच सोडलं. रोज आल्यावर एकदा झाकणाखाली हात घालून नळीची थरथर तो तळहाताला लावून बघे, आणि मग डबा ठेवायला जाई.

आकडे यायला लागले तसा बारकीचा चेहरा उतरत गेला. शांत वेळेत वायू कमी व्हायला हवा होता, तो वाढत होता. प्रयोगाच्या आधी टाकी जेवढा सोडत होती त्याच्या कितीतरी वर. तिने नळ्या बदलल्या. पेटी उघडून पुसली, पुन्हा जुळवली. घुमटाची जागा बदलली. पाण्यातला ऑक्सिजन मोजणारा काटा तर शांत वेळेत शून्यावर असायचा, म्हणजे हवा कुठून येत असावी असंही म्हणता येईना. कोपऱ्यात येणारी चिमूटभर हवा भुकेले जंतू तिथल्या तिथेच गिळत होते, काट्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. पण तेवढी चिमूटभर हवाच त्यांचं काम अर्ध्यावर तोडत होती.

यातलं हवालदाराला काही माहीत नव्हतं. तो एवढंच बघत होता, की पोरगी जेवताना ताटातलं नुसतं इकडचं तिकडे करते.

"काय गं, तुझ्या टोपीखालचं भूत सापडलं का?" वहिनीने विचारलं.

"नाही." बारकी म्हणाली. मग ताट सरकवून ती काकाकडे वळली. "काका, खरं सांगा. शांत वेळेत टाकीला कुठून तरी हवा लागत असेल का? अगदी थोडीशी. थोडी हवा सगळ्यात वाईट. भरपूर असली तर एक काम पुरं होतं, अजिबात नसली तर दुसरं पुरं होतं. थोडी असली की मधल्या मध्ये सुटतो तो वायू. आकडे नेमके तसेच आहेत. पण नकाशात दुसरी वाट नाही. त्या टाकीची नळीन् नळी तुम्हाला माहीत आहे. तुम्ही म्हणाल ते मी धरून चालेन."

खाली इस्त्रीच्या वाफेचा फुसकारा झाला. हवालदाराच्या हातातला घास हातातच राहिला. त्याला पहिल्यांदा कळलं की आपल्या अर्ध्या आट्याने काय केलंय. कळलं, पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाही गं. कुठून लागणार?"

"नक्की?"

"मी रोज बघतो ना."

तिने मान डोलावली. काकाच्या शब्दावर तिने ती शंका मनातून काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी तो चाक बंद करायचं ठरवूनच कामावर गेला. करायचं तर फार काही नव्हतं. अर्धा आटा आवळायचा, झाकण लावायचं. आकडे आपोआप उतरले असते, पोरगी सुटली असती, आणि कोणाला कधी काही कळलं नसतं. त्याने चाक आवळलं. थरथर थांबली. तो फळीवर येऊन उभा राहिला. शांत वेळ सुरू झाली, पाणी सपाट झालं, कोपऱ्यातला धागा तुटला. तो मनाशी म्हणत राहिला, यांना दुसरी वाट असते, माणसांसारखं नसतं. जिभेवर ते येत होतं, पण हातांपर्यंत पोहोचत नव्हतं. हातांना फक्त दोर जड झाल्याची खूण माहीत होती. शांत वेळ निम्मीही झाली नसेल, तो परत कोपऱ्यात गेला आणि त्याने चाक पुन्हा सैल केलं. उद्या करू, म्हणाला. पुढचा दिवस उजाडला आणि तो पुन्हा उद्या करू म्हणाला. असे बरेच उद्या गेले.

मग साहेबांनी तपासणीचा दिवस ठरवला. वरच्या कार्यालयातून दोन पाहुणे आले. एक म्हातारा, कानात यंत्र घातलेला, आणि एक तरुण, बुटांना घाण लागू नये म्हणून फळीच्या मधोमध चालणारा. बारकी पेटीजवळ उभी होती. तिने धुतलेला, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याला इस्त्री वहिनीने खास स्वतः केली होती.

"गेल्या काही आठवड्यांत वायू कमी होण्याऐवजी वाढलाय," तरुण पाहुणा म्हणाला. "असं का, याचं काही कारण सांगता येईल का?"

बारकीने एकदा टाकीकडे पाहिलं. "बाहेरून हवा लागत असेल अशी मला शंका होती. ती मी तपासली. तशी वाट नाही." तिने पेटीवर हात ठेवला. "माझ्या मोजणीतच चूक असावी."

"कोणती चूक?"

"ती मला सापडली नाही."

म्हातारा पाहुणा खिन्नपणे म्हणाला, "पोरी, मोजणाऱ्यालाच आपल्या मोजण्यावर भरवसा नसेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही." त्यात टोमणा नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. बारकीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

साहेबांनी हात झटकले. "ठीक आहे. मग प्रयोग इथेच थांबवू. मोजणीला दुसरं कोणी बघावं लागेल. हवालदार, मोटर काढून टाका आणि पहिल्यासारखी हवा सोडा. तुमच्या मनासारखं झालं एकदाचं."

खरंच त्याच्या मनासारखं झालं होतं. आता टाकी कधीच सपाट होणार नव्हती. त्याने नुसतं 'हो साहेब' म्हणायचं होतं. त्याने पुतणीकडे पाहिलं. ती घुमटाची नळी काढून हाताभोवती गुंडाळत होती. दादा काम संपल्यावर दोर गुंडाळायचा, तशी. कोपर आणि अंगठ्यामधून, सावकाश.

"साहेब," तो म्हणाला, "हवा चालूच होती."

"काय?"

"शांत वेळेत. मी सोडत होतो. पोरीचं मोजणं बरोबर आहे."

तो त्यांना मागच्या कोपऱ्यात घेऊन गेला आणि त्याने झाकण उचललं. तरुण पाहुणा बुटांची पर्वा न करता गुडघ्यावर बसला. हवालदाराने सगळ्यांदेखत चाक आवळलं. बारकीने नळी पुन्हा जोडली. पुढची शांत वेळ येईपर्यंत सगळे फळीवर थांबून राहिले. मग पाणी सपाट झालं आणि पेटीतला आकडा उतरू लागला. आधी अडखळत, मग सरळ, शेगडीवरून उतरवलेल्या दुधाचा फेस बसत जावा तसा.

"कमाल आहे," तरुण पाहुणा हळूच म्हणाला. "हिची शंका खरी होती."

तेवढ्यात म्हाताऱ्याने विचारलं, "तुम्ही हिला पोरगी म्हणालात. ही तुमची कोण?"

"पुतणी."

"एकाच घरात राहता?"

"हो."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. एवढ्या एका प्रश्नाने सगळं पुन्हा उलटलं. एकाच घरात, एकाच पंगतीला बसणारी माणसं, एक चाक फिरवतो आणि दुसरी आकडे घेते. तिला माहीत नव्हतं यावर कोण विश्वास ठेवणार? आणि माहीत नव्हतं म्हटलं, तर घरातल्या माणसाने डोळ्यांत धूळ फेकली तरी जिला कळत नाही, तिच्या हातात मोजणी कशी द्यायची? प्रयोग चालू राहील, असं ठरलं. आकडा चांगला उतरत होता. नवी माणसं येऊन पहिल्यापासून मोजतील. हवालदाराला टाकीवरून काढून फाटकावर बसवलं. बारकीचं कंत्राट पुढे वाढवायचं नाही, असं ठरलं. साहेब तिला म्हणाले, "माझा तुझ्यावर राग नाही." ती म्हणाली, "त्याचा काय उपयोग, साहेब?"

परतीच्या वाटेवर ती काकाच्या दहा पावलं पुढे चालत होती. लाँड्रीच्या दाराशी ती थांबली. वहिनी आत टेबलावर शर्ट पसरून उभी होती.

"मी तुम्हाला विचारलं होतं," बारकी म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते धरून चालेन म्हणाले होते. तेव्हा का नाही सांगितलंत?"

हवालदाराला वाटलं, आता तरी खरं बोलावं. एवढी वर्षं दाबून ठेवलेलं त्याने दारात उभं राहूनच सांगितलं. पंखा, मुकादम, दोर, आणि खालून आलेला तो रोजच्यासारखा आवाज. "हवा सोड रे जरा, म्हणाला तो. माझ्याकडे नव्हती सोडायला. टाकी बंद झाली की मला तेच दिसतं गं. हात राहत नाहीत."

वहिनीने इस्त्री थांबवली नाही. तिने कॉलर पुरी केली, बाह्या केल्या, वरचं बटण लावलं आणि शर्ट दांडीला अडकवला. मग इस्त्री उभी करून ठेवली.

"मला तुम्ही सांगितलं होतं, त्यांना काही कळलं नाही."

"वहिनी..."

"कळलं होतं तर. हाक मारली त्यांनी." ती दुसरा शर्ट उचलायला वळली. "भावजी, इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलेय. पोरीला सांगत आलेय."

बारकी आईजवळ गेली आणि तिच्या शेजारी उभी राहिली. हवालदार दारातच राहिला. आत बोलवायचं कोणाला सुचलं नाही, की बोलवायचं नव्हतंच, ते त्याला कळलं नाही.

महिना संपला तशी बारकी दुसऱ्या गावी दुधाच्या कारखान्यात मीटर दुरुस्तीच्या कामाला लागली. जाताना तिने काकाला वाकून नमस्कार केला, तब्येत सांभाळा म्हणाली, सगळं रीतीने केलं. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. वहिनी त्याचं ताट वाढून झाकून ठेवी आणि तो यायच्या आधी खाली जाई. इस्त्र्यांचा आवाज मात्र पूर्वीसारखाच वर येत राही.

फाटकावर काम असं नव्हतंच. गाडी आली की आडवा दांडा वर करायचा, गेली की खाली. टाकी तिथून दिसत नसे, पण कानांना कळे. खदखद चाले, मग थांबे, मग पुन्हा सुरू होई. सुरुवातीला ती थांबली की तो उठून येरझारा घाली. वास वाऱ्याबरोबर फाटकापर्यंत येई. रोज त्याला वाटे, आज कुजका येईल. पण तो भिजल्या मातीचाच येत राहिला.

एका सकाळी प्रयोगशाळेतली बाई फाटकावर आली. तिच्या हातात काचेची बरणी होती. टाकीतल्या पाण्याने काठोकाठ भरलेली, झाकण गच्च लावलेलं.

"बारकी जाताना सांगून गेली होती, हवालदारांना एकदा हे दाखवा म्हणून. माझंच राहून गेलं," ती म्हणाली. "आत हवेचा टिपूस नाही. बघत बसा."

तिने बरणी खिडकीत ठेवली आणि ती स्टूल ओढून बसली. गाळ हळूहळू तळाशी बसला, वर पाणी नितळ झालं. बराच वेळ काहीच झालं नाही. हवालदाराचा हात झाकणाकडे गेला.

"उघडू का जरा?"

"उघडू नका. थांबा."

मग गाळाच्या थरात एक बारीक बुडबुडा दिसला. मोहरीच्या दाण्याहून लहान. तो सुटून वर गेला. शेजारून दुसरा निघाला. थोड्या वेळाने गाळाचा एक कपचा त्या बुडबुड्यांनी फुगून, हलका होऊन, सावकाश वर तरंगत आला.

"श्वास चाललाय त्यांचा," बाई म्हणाली. "साधा नायट्रोजन. बारकी म्हणत होती तो. त्यांना तुमची हवा नको होती, हवालदार."

बाहेर गाळाची गाडी येऊन हॉर्न देत होती. बाई उठून दांडा वर करायला गेली. तो बरणीसमोर बसून राहिला, दोन्ही हात मांडीखाली दाबून, झाकणाला लागू नयेत म्हणून.